दामोदर खोऱ्याची खतावणी

जयंतीच्या आणि महापरिनिर्वाणदिनाच्या सभांतून एक वाक्य हमखास कानावर येते : बाबासाहेबांनी दामोदर खोरे योजना देशाला दिली. टाळ्या पडतात आणि वक्ता पुढच्या मुद्द्याकडे वळतो. पण ही दामोदर नदी कुठली, तिच्या खोऱ्यात उभ्या राहिलेल्या महामंडळाने पुढे काय केले, कुणाचे भले झाले आणि कुणाचे घर बुडाले, असे कुणी उठून विचारले तर सभेत शांतता पसरेल. अभिमान असावाच. पण ज्या गोष्टीचा अभिमान बाळगायचा ती नीट ठाऊकही असावी. आमची निम्मी हयात कचेरीत जमाखर्चाच्या वह्या तपासण्यात गेली. त्या सवयीने आज या सदरात आम्ही दामोदर खोरे महामंडळाची खतावणी उघडून बसलो आहोत. घरातल्या शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनीही ती आमच्याबरोबर वाचावी, अशी विनंती आहे.

दामोदर ही छोटा नागपूरच्या पठारावर उगम पावणारी नदी. आजच्या झारखंडातून ती पूर्वेकडे पश्चिम बंगालात उतरते आणि कोलकात्याच्या खालच्या अंगाला हुगळीला मिळते. बराकर ही तिची मोठी उपनदी. वरच्या खोऱ्यात डोंगर, जंगल आणि जमिनीखाली कोळसा. खालच्या खोऱ्यात भाताची सपाट शेती. पावसाळ्यात पठारावरचे पाणी एकदम खाली धावे आणि बंगालची गावे बुडत. म्हणून या नदीला 'बंगालचे दुःख' म्हणत.

1943 च्या जुलैत तिने बांध फोडला. बर्दवान जिल्ह्यातली गावे बुडाली, रेल्वेमार्ग आणि ग्रँड ट्रंक रोड वाहून गेला, कित्येक आठवडे कलकत्त्याकडे येणारी वाहतूक तुटली. ते दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते, जपानी फौजा ब्रह्मदेशात येऊन ठेपल्या होत्या आणि बंगालात लाखो माणसे दुष्काळाने मरत होती. सरकारला नदीकडे पाहणे भाग पडले. बर्दवानच्या महाराजांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. थोर शास्त्रज्ञ मेघनाद साहा तिचे सभासद होते. अमेरिकेत टेनेसी नदीच्या खोऱ्यासाठी 1933 साली जशी एकच स्वतंत्र संस्था काढली होती, तशी येथेही काढावी, असे या समितीने सुचवले.

आता बाबासाहेब या गोष्टीत कसे येतात ते पाहू. जुलै 1942 पासून 1946 च्या मध्यापर्यंत ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्या खात्याचे नाव 'मजूर' असले तरी पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्याच्याकडेच होते. टेनेसी खोऱ्यात काम केलेले अभियंता व्हूर्डविन यांच्याकडून दामोदरचा प्राथमिक आराखडा तयार करून घेण्यात आला. 3 जानेवारी 1945 रोजी कलकत्त्यात केंद्र, बंगाल आणि बिहार यांच्या प्रतिनिधींची परिषद भरली. तिच्यापुढे बाबासाहेबांनी आपली भूमिका मांडली. नुसता पूर अडवायचा म्हणून धरण बांधू नये; त्याच पाण्यातून सिंचन, वीज आणि जलवाहतूक साधावी आणि नदीचे खोरे हे एक एकक धरून नियोजन व्हावे, हे तिचे सार. त्याच वर्षी नोव्हेंबरात कटक येथे ओरिसाच्या नद्यांविषयी बोलतानाही त्यांनी हाच विचार मांडला. पाणी ही आपत्ती नव्हे, ती संपत्ती आहे. ती साठवून माणसाच्या कामी लावा, हा तो विचार.

त्याआधी ऑक्टोबर 1943 मध्ये विजेच्या धोरणावर बोलताना त्यांनी एक प्रश्न स्वतःच उपस्थित केला होता : आपल्याला स्वस्त वीज कशासाठी हवी? त्यांचे उत्तर असे, की उद्योग उभे राहावेत आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या दारिद्र्याच्या फेऱ्यातून माणूस सुटावा यासाठी. म्हणजे धरण आणि वीज ही साधने. माणसाची सुटका हे साध्य. आज आमचा सगळा हिशेब याच उत्तरावर घासून पाहायचा आहे.

देश स्वतंत्र झाला तेव्हा बाबासाहेब कायदामंत्री झाले. दामोदर खोरे महामंडळाचे विधेयक डिसेंबर 1947 मध्ये मांडले ते बांधकाम, खाणी व वीज खात्याच्या मंत्र्यांनी, म्हणजे आपल्या पुण्याच्या काकासाहेब गाडगीळांनी. 1948 साली कायदा झाला आणि 7 जुलै 1948 रोजी महामंडळ अस्तित्वात आले. केंद्र, बिहार आणि पश्चिम बंगाल अशी तीन सरकारे त्याची मालक. पुढे 2000 साली बिहारचे विभाजन झाल्यावर बिहारच्या जागी झारखंड आले.

या कायद्याने महामंडळाकडे जी कामे सोपवली ती मोजून पाहा. सिंचन आणि पाणीपुरवठा हे पहिले. वीजनिर्मिती आणि वीजपुरवठा हे दुसरे. पूरनियंत्रण तिसरे, जलवाहतूक चौथे, जंगल लावणे व जमिनीची धूप थांबवणे पाचवे. आणि सहावे काम असे, की खोऱ्यातल्या लोकांचे आरोग्य, शेती, उद्योग आणि एकूण कल्याण यांना चालना द्यावी. सहा कामे, सहा खाती. आता एकेका खात्यात काय जमा झाले ते पाहू.

व्हूर्डविन यांच्या आराखड्यात आठ धरणे होती. महामंडळाने बांधली चार : तिलैया 1953 साली, कोनार 1955 साली, मैथन 1957 साली आणि पंचेत 1959 साली. पाणी कालव्यात सोडण्यासाठी दुर्गापूरचा बंधारा 1955 साली पुरा झाला. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या बारा वर्षांत, यंत्रसामग्रीची वानवा असताना एवढे काम उभे करणे ही लहान गोष्ट नव्हे. ज्यांनी केले त्यांना आमचा नमस्कार.

सिंचनाचे खाते पाहिले तर बर्दवान, हुगळीकडच्या शेताला कालव्याचे पाणी मिळाले, हे खरे. पण 1964 साली दुर्गापूरचा बंधारा आणि कालव्यांचा कारभार पश्चिम बंगाल सरकारकडे गेला आणि महामंडळाच्या हातून हे काम बरेचसे सुटले. जलवाहतुकीसाठी दुर्गापूरपासून हुगळीपर्यंत कालवा काढला. पण माल गेला तो रेल्वेने आणि सडकेनेच. जमिनीची धूप थांबवण्यासाठी हजारीबागेत स्वतंत्र खाते काढले आणि तेथे चांगले काम झाले. तरी मैथन आणि पंचेतच्या जलाशयांत अंदाजापेक्षा जास्त गाळ साचत गेला.

पुराचे खाते थोडे बारकाईने पाहण्याजोगे आहे. सेकंदाला दहा लाख घनफूट पाणी आले तरी खाली अडीच लाखच सोडायचे, असा मूळ हिशेब होता. तो आठ धरणांवर बेतलेला होता. चारच झाली. शिवाय मैथन आणि पंचेत ही धरणे जेवढी उंच बांधली तेवढ्या पातळीपर्यंतची जमीन संपादनच केली गेली नाही. भांडे मोठे, पण भरायची मुभा अर्धीमुर्धी, असे झाले. लहानसहान पूर आटोक्यात आले, हे श्रेय देऊ. पण सप्टेंबर 1978 मध्ये मोठा पूर आला तेव्हा खालचे खोरे बुडालेच. सप्टेंबर 2024 मध्ये पुन्हा दक्षिण बंगालात पाणी भरले. धरणांतून सोडलेल्या पाण्यावरून राज्य आणि महामंडळ यांची जुंपली, बंगालच्या मुख्यमंत्र्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिले आणि राज्याने आपले प्रतिनिधी मागे घेतले. तीन मालकांच्या दुकानात गल्ल्यावर बसायला सगळे तयार असतात. नुकसान लिहायची वेळ आली की प्रत्येकजण दुसऱ्याच्या वहीकडे बोट दाखवतो.

उरले विजेचे खाते. ते मात्र फुगत गेले. 1953 साली बोकारोचे औष्णिक केंद्र सुरू झाले. मग दुर्गापूर, चंद्रपुरा, मेजिया अशी केंद्रे वाढत गेली. हे चंद्रपुरा झारखंडातले, आपल्या विदर्भातले चंद्रपूर नव्हे. कोळशाच्या खाणी, पोलादाचे कारखाने, रेल्वे यांना महामंडळाची वीज मिळाली. पूर्व भारताचा उद्योग तिच्यावर उभा राहिला आणि हजारो कामगारांच्या चुली पेटल्या, हेही नाकारता येणार नाही. बाबासाहेबांनी उद्योगासाठी वीज मागितली होती आणि ती मिळाली.

मग वाईट काय झाले? वाईट असे झाले, की सहा खात्यांपैकी एकच दुकान बरकतीला आले आणि बाकीची त्याच्या आड गेली. हे कुणा एका अधिकाऱ्याच्या दुष्टपणाने झाले असे आम्हांला वाटत नाही. वीज विकता येते, तिचे बिल निघते, बिलाची वसुली होते. पुरापासून वाचलेल्या गावाचे बिल निघत नाही. मलेरियातून वाचलेल्या मुलाची पावती फाडता येत नाही. ज्या कामाची वसुली होते त्याकडे माणसे, पैसा आणि साहेबांचे लक्ष वळते, हे कुठल्याही कचेरीत बसलेल्या कारकुनाला ठाऊक आहे.

त्यात कायद्याची रचनाही अशीच होती. खोऱ्यात 30 हजार व्होल्ट किंवा त्याहून जास्त दाबाची वीज महामंडळाच्या परवानगीवाचून दुसऱ्या कुणी विकायची नाही, असा नियम होता. म्हणजे मोठ्या गिऱ्हाइकांवर महामंडळाचा हक्क. खेड्यातल्या घरात दिवा लावायचा तर ते काम मुख्यतः राज्यांच्या वीज मंडळांचे. महामंडळ घाऊक व्यापारी झाले. किरकोळ गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात गेले. मोठ्या दाबाची तार डोक्यावरून जाते आणि खाली झोपडीत रॉकेलची चिमणी जळते, हे चित्र त्या खोऱ्यात वर्षानुवर्षे दिसत राहिले ते यामुळे.

आणि आता आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे कलम. कायद्यात भांडवली खर्चाची वाटणी सांगितली आहे ती तीन मुख्य खात्यांत : वीज, सिंचन आणि पूरनियंत्रण. विजेचा खर्च तिन्ही सरकारांनी सारखा वाटून घ्यायचा. पूरनियंत्रणाचा खर्च 14 कोटी रुपयांपर्यंत केंद्र आणि पश्चिम बंगालने निम्मानिम्मा सोसायचा, पुढचा बंगालने. सगळे चोख. मग जंगल, आरोग्य आणि लोककल्याण यांचे काय? 32 वे कलम म्हणते, या इतर उद्दिष्टांवर महामंडळाने स्वतःला योग्य वाटेल तेवढा खर्च करावा आणि तो सामायिक खर्च समजावा. ज्याने कधी ताळेबंद मांडला आहे त्याला याचा अर्थ समजावून सांगायला नको. ज्या कामाला स्वतःचे खाते नाही, ज्याची रक्कम कायद्याने बांधलेली नाही, ज्यासाठी कुणा सरकारने उत्तर द्यायचे नाही, ते काम 'किरकोळ' या सदरात जाते. कात्री लागते तीही तिथेच. माणसाचे कल्याण कागदावर सहाव्या क्रमांकावर होते. हिशेबाच्या वहीत त्याला पानच नव्हते.

आता खर्चाची बाजू. धरण बांधले की जमीन बुडते. बुडाली ती मुख्यतः वरच्या खोऱ्यातली आणि पाणी मिळाले ते खालच्या खोऱ्याला. वरच्या खोऱ्यात संथाळ आणि इतर आदिवासी, दलित, लहान शेतकरी. हजारो कुटुंबे उठली. जमीन संपादनाचा तेव्हाचा कायदा 1894 सालचा, इंग्रजांचा. ज्याचा जमिनीत कागदोपत्री हक्क त्याला रोख पैसा. दुसऱ्याच्या शेतात राबणारा, नदीकाठी मासे धरणारा, गावकीची कामे करणारा यांचा त्या कायद्याच्या वहीत ठावठिकाणाच नव्हता. गाव बुडाले की शेतमालकाचे शेत बुडते. पण भूमिहीनाची मजुरी बुडते, उधारी देणारा दुकानदार बुडतो आणि शेजारधर्मही बुडतो. याची भरपाई कुणी मोजली? मैथन-पंचेतच्या विस्थापितांची मुले आणि नातवंडे नोकरी व पुनर्वसनासाठी पुढे कित्येक दशके महामंडळाच्या दारात धरणे धरीत राहिली.

एका बाईची हकिगत येथे सांगितलीच पाहिजे. पंचेत धरणाचे उद्‌घाटन झाले ते 6 डिसेंबर 1959 रोजी. वाचकांनी तारीख पाहावी. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती. पंतप्रधान नेहरू आले होते. धरणावर काम करणाऱ्या बुधनी मेझान या संथाळ मुलीच्या हस्ते त्यांनी कळ दाबवून घेतली. तिचे वय तेव्हा पंधराच्या आसपास. मजुराच्या हातून धरण सुरू करावे, ही कल्पना थोरच होती. पण स्वागताच्या वेळच्या हारावरून तिच्या समाजाने असा अर्थ काढला, की मुलीचे परजातीच्या पुरुषाशी लग्न लागले. तिला गावाबाहेर काढले गेले. 1962 साली महामंडळातली तिची नोकरीही गेली. ती परत मिळाली 1980 च्या दशकात, पंतप्रधान राजीव गांधींपर्यंत दाद गेल्यावर. 17 नोव्हेंबर 2023 रोजी बुधनी वारली. जिच्या बोटाने वीज सुरू झाली तिच्या मागे ना जात उभी राहिली, ना महामंडळ. बहिष्कार म्हणजे काय हे आपल्या समाजाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. तेव्हा बुधनीचे दुःख आपल्या आयाबहिणींना निराळे वाटणार नाही.

कुणी म्हणेल, हे आपल्याच देशात होते. तसे नाही. ज्या टेनेसी खोऱ्याचा कित्ता आपण गिरवला तेथे धरणाच्या कामगारांसाठी नॉरिस नावाचे नमुनेदार गाव वसवले होते. सुबक घरे, वीज, शाळा, सगळे होते. फक्त काळ्या कुटुंबांना तेथे राहायला जागा नव्हती. काळ्या लोकांच्या एनएएसीपी या संघटनेने 1934 सालीच याची चौकशी करून आवाज उठवला. नदी सगळ्यांची, कर सगळ्यांचा, गाव मात्र गोऱ्यांचे. विकासाचे पाणी उताराकडे धावते हे खरे. पण वाटेत समाजाने घातलेले जुने बांध असले तर ते तेथेच अडते. ते बांध फोडायचे काम अभियंत्याचे नाही. ते कायद्यात लिहावे लागते, त्याच्यापुढे रक्कम मांडावी लागते आणि ती खर्च झाली का हे विचारणारी माणसे लागतात.

मग बाबासाहेबांची योजना चुकली का? आमचे उत्तर स्पष्ट आहे : नाही. खोरे हे एकक धरावे, पाण्याचे अनेक उपयोग एकत्र बांधावेत, वीज दारिद्र्याच्या नाशासाठी वापरावी, हा विचार आजही खणखणीत आहे. योजना आठ धरणांची होती, चार झाली. कामे सहा होती, जोमाने चालले एक. आणि ज्याच्यासाठी सगळे मांडले तो माणूस सामायिक खर्चात गेला. वारसा आपला असेल तर त्यातली येणे बाकीही आपणच वसूल केली पाहिजे.

ती वसुली दूर झारखंडात करायची आहे असे समजू नका. 1996 ते 1998 या काळात आपल्या महाराष्ट्रातही कृष्णा, तापी, विदर्भ, कोकण आणि गोदावरी मराठवाडा अशी पाटबंधारे विकासाची पाच महामंडळे झाली. त्याखेरीज औद्योगिक वसाहती, महामार्ग, नवी शहरे यांसाठी वेगवेगळी मंडळे आणि प्राधिकरणे काम करतात. उद्या त्यांतले कुठले तरी तुमच्या तालुक्यात येईल. साहेब येतील, नकाशा पसरतील, विकास होणार म्हणून सांगतील. त्या दिवशी आपल्या वस्तीने काय करावे?

1894 चा कायदा आता गेला. 1 जानेवारी 2014 पासून 2013 चा नवा भूसंपादन व पुनर्वसन कायदा लागू आहे. त्यात 'बाधित कुटुंब' म्हणून जमीनमालकाबरोबर भूमिहीनही मोजले जातात : शेतमजूर, कुळे, वाटेकरी, कारागीर. अट अशी, की ते संपादनापूर्वी तीन वर्षे त्या भागात काम करीत असावेत आणि त्यांची उपजीविका मुख्यतः त्यावर असावी. पाटबंधारे प्रकल्पात जमीन गेलेल्या अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबांना जमिनीबद्दल जमीन देण्याची तरतूदही त्यात आहे. गेली तेवढी किंवा अडीच एकर, यांतले जे कमी असेल तेवढी. बुधनीच्या काळी जे पान वहीत नव्हते ते आता आले आहे. मात्र ते आपोआप भरले जात नाही. शिवाय काही प्रकारच्या प्रकल्पांना सामाजिक परिणामांच्या अभ्यासातून सूट देता येईल अशा दुरुस्त्या काही राज्यांनी केल्या. महाराष्ट्रानेही 2018 साली केली. म्हणून जागे राहणे आले.

तीन वर्षांचे काम सिद्ध कशाने करणार? आतापासून कागद जपा. रेशनकार्ड, मतदारयादीतले नाव, रोजगार हमीचे जॉबकार्ड, मुलांचे शाळेचे दाखले, ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती, सगळे एका पिशवीत घालून घरातल्या बाईच्या ताब्यात ठेवा, कारण पुरात आणि भांडणात घर तीच सावरते. सर्वेक्षणाला माणसे आली की वस्तीतला एकही उंबरठा सुटणार नाही याची काळजी तरुण मंडळाने घ्यावी. जनसुनावणी असेल त्या दिवशी मजुरी बुडाली तरी जावे, आपले म्हणणे लेखी द्यावे आणि पोच घ्यावी. आणि महामंडळाच्या साहेबांना नम्रपणे एकच प्रश्न विचारावा : साहेब, तुमच्या अंदाजपत्रकात आमच्या पुनर्वसनाला स्वतंत्र शीर्ष आहे का, की आम्ही 'इतर खर्चा'त आहोत?

पुढच्या 6 डिसेंबरला वस्तीत अभिवादनाची सभा होईल तेव्हा कुणी दामोदर खोऱ्याचे नाव घेतले, तर त्याच्या जोडीला बुधनी मेझानचेही नाव घ्यावे. आणि सभा संपल्यावर पाच-दहा मिनिटे थांबून कुणाच्या घरात कोणते कागद नाहीत, याची यादी करावी. यादी करायला बीकॉम लागत नाही, चौथी शिकलेली मुलगीही ती करू शकते.

जयभीम.